'लिव्ह अँड लायसन्स'च्या मागची एक तारीख : पार्श्वभूमी

घर 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने भाड्याने घेताना किंवा देताना लोक सल्ला विचारायला येतात, तेव्हा तीन प्रश्न हमखास येतात. करार अकराच महिन्यांचा का? भाड्याला करारात 'लायसन्स फी' का म्हणायचे? आणि तिसरा, घरमालकाकडून जरा दबक्या आवाजात : "माणूस वेळेवर निघेल ना?" तिन्हींची मुळे एकाच जमिनीत आहेत, आणि ती समजली की करारातली निम्मी कलमे आपोआप उलगडतात. पागडीचा (जागेच्या ताब्यासाठी द्यायच्या एकरकमी पैशांचा) व्यवहार काय, चाळीतली खोली पिढ्यान्‌पिढ्या कशी चालते, हे इथे सांगत बसत नाही.

मुंबईत भाड्यावर सरकारी लगाम आला तो १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. दुसऱ्या महायुद्धात तो पुन्हा आला आणि १९४७ मध्ये 'मुंबई भाडे नियंत्रण कायदा' म्हणून पक्का झाला. पक्का म्हणजे नावाला तात्पुरताच; मुदतवाढ घेत घेत तो पन्नास वर्षांहून अधिक चालला. जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले आणि नियमाने भाडे भरणाऱ्या भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. फाळणीनंतरच्या मुंबईत माणसे जिन्याखालीही राहत होती. त्या काळात या कायद्याने हजारो घरे सांभाळली, हे मान्यच करायला हवे. विदर्भात आणि मराठवाड्यात त्या वेळी वेगळे कायदे होते, म्हणून नागपूरचे किंवा औरंगाबादचे जुने किस्से मुंबई-पुण्याच्या किश्शांशी जुळत नाहीत.

पण भाडे गोठले आणि महागाई गोठली नाही. ज्याच्याकडे रिकामी जागा होती, तो भाडेकरू ठेवायला घाबरू लागला. तेव्हा वकिलांनी एक जुना दरवाजा शोधला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात 'लायसन्स' नावाची गोष्ट होती : दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची नुसती मुभा, जागेत हक्क काहीच नाही. नाट्यगृहाच्या तिकिटासारखे. तीन तास खुर्ची तुमची, पण ती घरी नेता येत नाही आणि मुलाच्या नावावरही करता येत नाही. भाडेकरूला भाडे कायद्याचे छत्र होते, लायसन्सवाल्याला नव्हते. त्यामुळे तोच माणूस, तीच खोली, तेच दरमहा पैसे. फक्त कागदावर भाडेकरूऐवजी 'लायसन्सी' लिहायचे.

इथे शब्दाचा गुंता सोडवायलाच हवा, कारण मराठीत तो जास्तच झाला आहे. 'लिव्ह अँड लायसन्स'मधल्या 'लिव्ह'चा राहण्याशी काहीही संबंध नाही. देवनागरीत ऱ्हस्व लिहिल्यामुळे तो 'राहणे' या अर्थाचा शब्द वाटतो, आणि 'लिव्ह इन लायसन' असे म्हणणारे तर रोज भेटतात. खरा शब्द दीर्घ आहे, 'लीव्ह', म्हणजे परवानगी, कोर्टाची 'लीव्ह' घेतात त्यातला. 'लायसन्स' म्हणजेही परवानगी. इंग्रजी कायद्याला एकच गोष्ट दोन शब्दांत सांगायची खोड आहे, आपण नाही का 'कागदपत्र', 'धनदौलत' म्हणत. तेव्हा संपूर्ण नावाचा अर्थ 'परवानगी आणि परवानगी' एवढाच. त्यात घर नाही, भाडे नाही, राहणेही नाही.

मराठीत मात्र आपण सगळ्याला 'भाडेकरार' म्हणतो. एजंट म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, मीही बोलताना म्हणतो. बोलण्यात बिघडत नाही. पण कायद्यात भाडेपट्टा आणि परवाना (म्हणजे लायसन्स) या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पन्नास वर्षे मुंबईच्या कोर्टांत भांडण चालले ते नेमके याच सीमेवर.

कागदावर 'परवाना' लिहिले म्हणजे परवाना झाला का? १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात 'नाही' असे सांगितले. दिल्लीतल्या एका हॉटेलात केशकर्तनालयासाठी खोल्या दिल्या होत्या. दस्तावर परवाना लिहिला होता. न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. नाव काय दिले यापेक्षा दोघांचा हेतू काय होता आणि जागेचा एकहाती ताबा कोणाकडे होता, हे पाहायचे, असा सूर लागला.

याचा परिणाम करारांच्या मजकुरावर लगेच दिसतो. माझ्याकडे १९६९ चा एक जुना करार आहे, टंकलेखन यंत्रावर उमटवलेला, कार्बनची निळी सावली अजून आहे. जागा दोन खोल्यांची. त्यात एक कलम असे की कुलपाची दुसरी किल्ली मालकाकडे राहील आणि तो 'कोणत्याही वाजवी वेळी' आत येऊ शकेल. दुसरे, आतल्या खोलीतले एक लाकडी कपाट मालकाचे सामान ठेवण्यासाठी राखीव. आज हे वाचून वाटते, काय हा संशय! पण त्या कपाटात बहुधा काहीच नव्हते. ते कपाट म्हणजे एकहाती ताबा दिलेला नाही याचा पुरावा होता. संसार करणाऱ्या बाईने मात्र त्या बंद कपाटाला वळसा घालून रोज केर काढला असणार.

आणि इथे ती तारीख येते : १ फेब्रुवारी १९७३.

परवान्याच्या नावाखाली भाडेकरूच ठेवले जात आहेत, हे तोवर सगळ्यांना दिसत होते. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, दर वेळी वाढीव रक्कम, आणि कुरबुर केली तर 'बाहेर व्हा'. राज्याने १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती केली. या तारखेला जो माणूस चालू परवान्याने किमान एका खोलीत राहत किंवा व्यवसाय करत होता, तो कायद्याने भाडेकरू मानला गेला. 'मानीव भाडेकरू' हा शब्द तेव्हाच लोकांच्या तोंडी आला. घरमालक रात्री परवाना देणारा म्हणून झोपला आणि सकाळी भाडेकरूचा मालक म्हणून उठला.

या निर्णयावर मी कितीही वेळा विचार केला तरी एकाच जागी अडतो. संरक्षण देण्याचा हेतू रास्त होता. परवाना हे बहुतेक ठिकाणी सोंगच होते, आणि ते सोंग उतरवायला हवे होते. पण संरक्षण पुढच्या करारांना देण्याऐवजी आधीच झालेल्या करारांत हात घालून दिले. समजा एकाच मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकाचा परवाना जानेवारी १९७३ मध्ये संपला आणि नूतनीकरण रेंगाळले. दुसऱ्याचा मार्चपर्यंत होता. दुसरा कायमचा भाडेकरू झाला. पहिला तिथेच राहत असूनही अडचणीत, कारण संरक्षण 'चालू' परवान्यालाच होते. दोघांच्या गरजेत तसूभर फरक नाही. फरक काय तो कॅलेंडरच्या पानाचा.

शिवाय फेब्रुवारीनंतर आलेल्या लायसन्सीला या कलमाने काहीच दिले नाही. तरी घरमालकांना धडकी बसली ती त्याच्याचबद्दल. हिशेब साधा होता : आज एक तारीख आली, उद्या दुसरी येईल. ती दुसरी तारीख कधीच आली नाही, पण भीतीला पुरावा लागत नाही. माझ्या आत्याचा डोंबिवलीतला ब्लॉक बदलीमुळे आठ वर्षे कुलूपबंद होता. शेजारच्या काकू महिन्यातून एकदा खिडक्या उघडायच्या. भाड्याच्या पैशांची तिला गरज होती, ती स्वतः बडोद्यात भाडे भरत होती, पण "गेलेली जागा परत येत नाही" हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होते. अशी कुलपे त्या दशकांत मुंबई-पुण्याच्या प्रत्येक इमारतीत होती. संरक्षणासाठी केलेल्या दुरुस्तीने भाड्याची घरेच बाजारातून उठवली, आणि त्याचा भार नव्याने शहरात आलेल्या माणसावर पडला, हे मला त्या निर्णयाचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

काही शब्दही त्यातून रुजले. दुरुस्तीने लायसन्सीच्या व्याख्येतून काही जणांना वगळले होते : 'पेइंग गेस्ट', नोकरीमुळे जागेत राहणारा, मालकाचा चालू धंदा चालवणारा. पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या घराचा एक भाग वापरणारा. झाले, दादर-विलेपार्ल्यात आजींच्या घरोघरी पीजी आले, कारण तो एक सुरक्षित मार्ग होता. दुकानांत 'कंडक्टिंग'चे करार आले. दुकान भाड्याने दिलेले नाही, धंदा चालवायला दिला आहे, असे म्हणायचे. आज पीजी म्हणजे आठ खाटांची खोली आणि डबा असे झाले आहे. मालक तिथे राहतही नाही. शब्दाचा मूळ अर्थ पुसला गेला.

बर्फ वितळायला १९८७ उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने राहण्यासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करून परत मिळवण्याची सोय केली. नेहमीच्या दाव्यांपेक्षा हा रस्ता जवळचा. तरी विश्वास बसायला वेळ लागला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. कायद्याची मुदत तशीही संपत होती, म्हणून ती कलमे रद्द न करता नव्या कायद्याची वाट पाहिली गेली.

तो 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९'. अंमल ३१ मार्च २००० पासून. तिन्ही विभागांचे तीन जुने कायदे त्यात एकवटले. पागडीच्या व्यवहाराला अधिकृत जागा मिळाली, नियंत्रित भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली, जुने मानीव भाडेकरू भाडेकरूच राहिले. पण आज घर देणाऱ्या-घेणाऱ्याच्या कामाची कलमे दोनच : २४ आणि ५५.

कलम २४ प्रमाणे राहण्याच्या जागेचा लेखी परवाना करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा. म्हणजे १९५९ पासूनचा 'खरा हेतू काय' हा वाद राहत्या घरापुरता जवळजवळ मिटला. कपाटाची आणि दुसऱ्या किल्लीची गरज संपली. मुदतीनंतर न निघणाऱ्याकडून फीच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून 'झाला करार' म्हणणाऱ्या मालकांना मी हे कलम वाचूनच दाखवतो. भीती भाडेकरूची बाळगायची आणि ज्याने भीती जाते तो कागद मात्र टाळायचा, हे मला कधीच समजलेले नाही.

आता अकरा महिने. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे केले. अकरा महिन्यांचा कागद या सक्तीच्या आत बसायचा आणि नोंदणीचा खर्च वाचायचा. महाराष्ट्रात २००० पासून मुदत कितीही असो, नोंदणी आहेच. म्हणजे अकराच्या आकड्याचा मूळ उपयोग पाव शतकापूर्वी संपला. मुद्रांक शुल्काचे कलमही साठ महिन्यांपर्यंतचा करार धरून चालते. मूल शाळेत असलेल्या कुटुंबाने तेहतीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार मागावा. दर वर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्यावी आणि 'लॉक-इन' (करार मोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ) दोघांना सारखा आहे ना, ते पाहावे. मालकाचे यात काही जात नाही. दर अकरा महिन्यांनी नवा करार झाल्याने फायदा होतो तो दलालीचा.

खर्चाचीही धास्ती उगाच आहे. पंचवीस हजार महिना, एक लाख परत मिळणारे डिपॉझिट आणि एक वर्ष मुदत धरा. भाडे तीन लाख. डिपॉझिटवर १० टक्के दराने मानलेले व्याज दहा हजार. तीन लाख दहा हजारांवर ०.२५ टक्के म्हणजे ७७५ रुपये शुल्क, आणि शहरात नोंदणी फी १,०००. बाकी जे लागते ते घरी लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाचे. आधीच ठरवून घ्या.

जुनी तारीख मात्र संपलेली नाही. गिरगावात, दादरला, लालबागेत इमारत पुनर्विकासाला निघते, तेव्हा कुठल्यातरी खोलीचा कागद 'परवाना' निघतो, आणि मग घरातले सगळे माळ्यावरची ट्रंक खाली काढतात. रेशनकार्ड, विजेचे बिल, शाळेचा दाखला, मनीऑर्डरची पावती. गेल्या वर्षी एका ऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी माझ्यासमोर टेबलावर एक पोस्टकार्ड ठेवले. मजकूर त्यांच्या बहिणीच्या बाळाच्या बारशाचा होता. त्यांनी तो वाचलाही नाही. पत्त्याच्या बाजूचा पोस्टाचा शिक्का भिंगाखाली धरून ते मला दाखवत होते : जानेवारी १९७३, आणि खाली याच खोलीचा नंबर.