शालेय इतिहासाची पार्श्वभूमी: चौथीतल्या शिवरायांपासून दहावीच्या 40 गुणांपर्यंत

महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळेत मुलाची इतिहासाशी खरी ओळख होते ती चौथीत. तिसरीत स्वतःच्या जिल्ह्याची माहिती असते, पण चौथीचा परिसर अभ्यासाचा दुसरा भाग म्हणजे सबंध वर्ष एकच चरित्र. शिवजन्मापूर्वीच्या महाराष्ट्रापासून सुरुवात, मग संत, भोसल्यांचे घराणे, बालपण, तोरणा, प्रतापगड, पावनखिंड, शायिस्ताखान, पुरंदरचा तह, आग्रा, सिंहगड आणि राज्याभिषेक. हा क्रम गेली कित्येक दशके जवळजवळ तोच आहे. केंद्रीय पुस्तकांत इतिहास वेगळा विषय म्हणून सहावीत येतो, आणि आदिमानव आणि सिंधू नदीचे खोरे अशी त्याची सुरुवात असते. इथे ती सह्याद्रीतून होते.

हा क्रम एकदम कुणी ठरवलेला नाही. पेशवाई संपण्याच्या सुमारास पंतोजींच्या शाळेत मोडी, उजळणी आणि हिशेब होता, पण इतिहास नावाचा विषय नव्हता. बखरी वाचल्या जात, पोवाडे ऐकले जात, पण ते शाळेबाहेर. 1818 नंतर मुंबई इलाख्यात सरकारी देखरेखीखाली शाळा निघाल्या आणि इतिहासाचे छापील पुस्तक हवे झाले. साताऱ्याला राहिलेल्या एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून 1826 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याचे मराठी भाषांतर थोड्याच वर्षांत आले आणि शाळांत शिरले. त्यामुळे मराठी मुलांच्या एका अख्ख्या पिढीने आपल्या पूर्वजांची हकीकत जेत्यांच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून वाचली. 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकातल्या उणिवांवर सविस्तर टीका केली. मराठीतल्या इतिहास संशोधनाची परंपरा पुष्कळ जण तिथून मोजतात. शाळेच्या पुस्तकाविरुद्ध विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधातून ही परंपरा उभी राहिली, हे वर्गात सांगितले जात नाही. सांगायला हवे.

पुढचे अर्धशतक भराभर ओलांडता येते. कागदपत्रांचा शोध, त्यांचे खंड, पुण्यातले संशोधक, राष्ट्रीय शाळा, स्वातंत्र्य. 1960 मध्ये राज्य झाले, 1967 मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि खाजगी प्रकाशकांची पुस्तके जाऊन गावोगाव एकच पुस्तक आले. 1975 मध्ये अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा सुरू झाली. 1976 मध्ये घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत गेला. आज दिल्लीच्या आराखड्याचा आणि पुण्याच्या पुस्तकाचा जो मेळ घालावा लागतो, त्याचे मूळ या घटनादुरुस्तीत आहे.

आता ज्या एका प्रश्नाने शालेय इतिहासाला सर्वाधिक छळले, त्याच्याकडे येऊ. प्रश्न साधा दिसतो: शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला?

आजी-आजोबांच्या पिढीने पाठ केलेले साल 1627. आजच्या पुस्तकात आहे शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. घरात आजोबा एक साल सांगतात, बाई दुसरे सांगतात, आणि मुलाला वाटते की दोघांपैकी एक जण चुकतो आहे. वस्तुस्थिती अशी की दोन्ही तारखांमागे साधने आहेत, पण ती सारख्या वजनाची नाहीत. 1627 चा आधार म्हणजे शके 1549 मधली वैशाख शुद्ध द्वितीया सांगणारी उत्तरकालीन बखर परंपरा, शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. 1630 चा आधार भोर भागातल्या कारी गावच्या जेध्यांच्या घरी सापडलेली शकावली, म्हणजे घटनांची सालवार नोंद. ती 1916 मध्ये छापून आली. त्या घराण्यातले लोक महाराजांच्या कामात प्रत्यक्ष होते. पुढे शिवभारत हे महाराजांच्या हयातीतच रचलेले संस्कृत काव्य छापले गेले आणि त्यातही शके 1551 निघाले. राजस्थानातल्या जुन्या संग्रहात मिळालेली जन्मपत्रिकाही त्याच बाजूची ठरली.

गंमत अशी की शिवभारत छापले गेले ते 1927 मध्ये, आणि त्याच वर्षी 1627 हे साल धरून जन्माची त्रिशताब्दी थाटात साजरी झाली. पुरावा छापखान्यात होता, उत्सव रस्त्यावर होता. लोकांच्या मनात बसलेली तिथी हलवायला केवळ साधन सापडून भागत नाही. राज्य सरकारने 1966 मध्ये जाणकारांची समिती नेमली. समितीत एकमत झाले नाही आणि जुनी तिथी तशीच चालू राहिली. निर्णय झाला तो या शतकाच्या उंबरठ्यावर. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख शासनाने स्वीकारली आणि सुट्टीही त्या दिवशी आली. तरी काही मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेलाच जयंती करतात, काहींनी वैशाखातली जुनी तिथी सोडलेली नाही. एका वर्षात तीनदा जयंतीच्या मिरवणुका पाहणारे मूल महाराष्ट्रात दुर्मीळ नाही.

या गुंत्यात एक धागा असा आहे की तो वर्गात उलगडला तर मुलाला इतिहासाची सगळी पद्धत हाताला लागते. शके वर्षाचे इसवी सन काढताना 78 मिळवतात, हे मुलांना ठाऊक असते. 1549 मध्ये 78 मिळवले की 1627 येते, कारण वैशाख वर्षाच्या सुरुवातीला असतो. पण 1551 मध्ये 78 मिळवले तर 1629 येते, 1630 नाही. फाल्गुन हा शके वर्षाचा शेवटचा महिना. तोवर इसवी सन पुढे सरकलेला असतो, म्हणून तिथे 79 मिळवावे लागतात. एवढे एक गणित फळ्यावर मांडले की मुलाला कळते की पुस्तकातली तारीख छापील मिळालेली नाही, ती कुणीतरी काढली आहे.

पुढची पायरी आणखी मोलाची. 19 फेब्रुवारी ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे. युरोपातल्या कॅथलिक देशांनी 1582 पासून ग्रेगोरियन पंचांग घेतले आणि पोर्तुगिजांबरोबर ते गोव्यात आले. इंग्रजांनी ते 1752 पर्यंत घेतले नाही. सतराव्या शतकात दोन्हींत 10 दिवसांचे अंतर होते. म्हणजे त्याच शुक्रवारी गोव्यातला पोर्तुगीज कारकून कागदावर 1 मार्च 1630 लिहीत असणार आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज 19 फेब्रुवारी. त्यातही इंग्रजांचे वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलत असे, त्यामुळे त्याच्या वहीत साल असणार 1629. एक दिवस, एक समुद्रकिनारा आणि शके तिथी धरून तीन नोंदी. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीखही याच जुन्या पद्धतीची आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे अवघड जाते असे म्हणणाऱ्यांनी ते एकदा वर्गात सांगून पाहावे. मुले यावर तासभर वाद घालू शकतात. आणि वाद घालणे हाच या विषयाचा गाभा आहे.

पण पाठ्यपुस्तकात यातले काहीच येत नाही. तिथे ठरलेले उत्तर येते. तारीख बदलली, पण ती का बदलली याचा एक परिच्छेदही सोबत आला नाही. माझा आक्षेप 1630 वर नाही, साधने पाहता तीच तारीख टिकणारी आहे. आक्षेप आहे तो निकाल देऊन खटला लपवण्यावर. शिवचरित्रातल्या इतर वादांचेही असेच झाले. बालपणीचे गुरू कोण, या प्रश्नावर पुण्यात आंदोलने झाली, डिसेंबर 2010 मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा एका रात्रीत हलवला गेला. त्या गदारोळात साधने काय म्हणतात हे वर्गात शांतपणे सांगण्याची जागा आणखी आक्रसली.

गेल्या दहा-बारा वर्षांत पुस्तके पुन्हा नव्याने आली. आज वापरात असलेली मालिका 2014 नंतर एकेका इयत्तेने उतरली: चौथी 2014, सहावी 2016, सातवी आणि नववी 2017, आठवी आणि दहावी 2018. या मालिकेतली एक चांगली गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. सहावीपासून नववीपर्यंत प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी इतिहासाच्या साधनांवर पाठ आहे: भौतिक, लिखित, मौखिक, आणि वरच्या इयत्तांत दृक्‌-श्राव्यसुद्धा. दहावीचे पुस्तक तर इतिहासलेखनाची परंपरा, संग्रहालये, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन अशा विषयांवर आहे. कागदावर हा बदल मोठा आहे. व्यवहारात साधनांचा पाठ जूनमध्ये, शाळा सुरू होतानाच्या गडबडीत उरकला जातो आणि परीक्षेत त्यावर रिकामी जागा किंवा गटात न बसणारा शब्द विचारला जातो.

या मालिकेवरचा मोठा वाद 2017 चा. सातवीत मध्ययुगीन भारत असतो. नव्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास केंद्रस्थानी आला आणि आठव्या शतकापासून सतराव्यापर्यंतची जवळजवळ सगळी राजकीय हकीकत शिवपूर्वकालीन भारत या एका पाठात बसली. पाल, प्रतिहार, चोळ, यादव, दिल्लीचे सुलतान, विजयनगर, बहमनी आणि अकबर, सगळे त्यात. मुघल अभ्यासक्रमातून काढले, अशी बातमी तेव्हा देशभर गेली. ती तंतोतंत खरी नव्हती, कारण मुघलांशी संघर्ष हा स्वतंत्र पाठ त्याच पुस्तकात आहे. पण मुघल उरले ते प्रतिपक्ष म्हणून. त्यांची महसूल व्यवस्था किंवा मनसबदारी समजल्याशिवाय शहाजीराजांची कारकीर्द आणि मराठा सरदारांचे वतनांचे राजकारण कसे उलगडणार? समर्थनही ठाम होते: महाराष्ट्रातल्या मुलाने देशाचा इतिहास महाराष्ट्राच्या बाजूने वाचावा, दिल्लीच्या गादीवर कोण बसले यावरून नव्हे. हा युक्तिवाद हलका नाही. पिढ्यान्‌पिढ्या केंद्रीय पुस्तकांत मराठ्यांना मुघलांच्या ऱ्हासाच्या पाठातला एक उपविभाग म्हणून जागा मिळे. मात्र त्या अन्यायाची भरपाई करताना चोळांच्या आरमाराला आणि विजयनगरला काही ओळींवर आणणे ही किंमत जास्त झाली, असे मला वाटते.

त्यानंतर केंद्रीय पुस्तकेच हलू लागली. साथीच्या काळानंतर अभ्यासाचा भार कमी करण्याच्या कारणाने बारावीतला मुघल दरबारावरचा पाठ गळला. 2025 मध्ये सातवीच्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या भागात दिल्ली सल्तनत आणि मुघल दिसले नाहीत. ते आठवीत आले, इतिहासातल्या काळोख्या कालखंडांविषयीच्या एका टिपेसह. त्याच आठवीच्या पुस्तकात मराठ्यांना स्वतंत्र आणि भरघोस पाठ मिळाला. महाराष्ट्रात त्याचे स्वागत होत असतानाच, नकाशात जैसलमेर मराठा सत्तेखाली दाखवल्याबद्दल राजस्थानातून हरकत आली आणि पुस्तक तपासणीला गेले. सातारा-पुण्याकडे जी मोहीम अभिमानाने सांगितली जाते, ती रजपूत, बंगाली किंवा ओडिया मुलाच्या घरी चौथाई वसुलीची आठवण असू शकते. आपल्या पुस्तकात राष्ट्ररक्षक मराठे हा पाठ आहे. बंगालमध्ये आजही बाळाला निजवताना बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, आल्याचे गाणे म्हणतात.

दरम्यान राज्याने 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने केंद्रीय धर्तीचा अभ्यासक्रम स्वीकारण्याचे ठरवले. त्यावरची पहिली मोठी काळजी अपेक्षित होती: चौथीच्या पुस्तकाचे काय होणार? राष्ट्रीय आराखड्यात पाचवीपर्यंत इतिहास वेगळा नसतो, परिसरात मिसळलेला असतो, आणि सबंध वर्षाचे एक चरित्र त्यात सहज बसत नाही. या चर्चेत बोलले गेले ते पानांच्या संख्येवर. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांची लेखी परीक्षा आहे, भूगोलाला 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाला 20. आठवड्याच्या वेळापत्रकात या विषयाला मिळणाऱ्या तासिका या गुणांच्या हिशेबानेच ठरतात. साधनांच्या पाठाला त्यातल्या किती द्यायच्या, हे अजून कोणत्याही बैठकीतल्या वादाचे कारण झालेले नाही.