ते वाक्य डार्विनचे नाही

फोंडा असो वा पणजी, नेतृत्वाच्या प्रशिक्षण वर्गात एक वाक्य हमखास पडद्यावर येते: ‘सर्वांत बलवान किंवा बुद्धिमान नव्हे, बदलाशी जुळवून घेणारा टिकतो – डार्विन.’ डार्विनने हे कुठेही लिहिलेले नाही. १९६३ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतील व्यवस्थापनाचे प्राध्यापक लिऑन मेगिन्सन यांनी डार्विनच्या विचाराचा आपल्या शब्दांत गोषवारा दिला. पुढे तोच अवतरणचिन्हांत शिरला.

नावाची चूक एकवेळ सोडून देऊ. मला खटकतो तो अर्थ. आपल्या गोव्याच्या खाजन शेतातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतला, कोरगुट हा भात घ्या. खारे पाणी आले म्हणून कुठल्याही रोपाने स्वतःला बदलले नाही. रोपांत मुळातच फरक होते. खारेपण सोसणारी जगली, त्यांचेच बी शेतकऱ्यांनी पुढे पेरले, असे पिढ्यान् पिढ्या चालले. निवड होते ती आधीपासून असलेल्या वैविध्यातून. त्यामुळे डार्विनच्या नावाने ‘बदला, नाहीतर बाहेर पडा’ असे कर्मचाऱ्यांना सुनावणे चुकीचे आहे, आणि अन्यायाचेही. दाखला द्यायचाच तर संचालक मंडळाला द्यावा: वेगळे मत मांडणारी, वेगळ्या रीतीने काम करणारी माणसे संस्थेत किती उरली आहेत, हे त्यांनी मोजावे.