डब्यातली भाकरी टिकवणं (बेळगाव सीमाभाग)

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ अशा ग्लुटेन नसलेल्या पिठाची भाकरी किंवा ब्रेड सकाळी डब्यात भरल्यापासून दुपारी खाईपर्यंत, आणि घरात तर कधी महिनाभरसुद्धा, खाण्याजोगी ठेवायची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात हे काम घरोघरी चालत आलंय, फक्त त्याला ग्लुटेन-फ्री वगैरे कोणी म्हणत नव्हतं, तो शब्द अलीकडं डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आणि पाकिटांवरून घरात आला. जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर 2014 पासून बेळगावी झालं, भाकरी आहे तीच आहे.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांतलं प्रोटीन. पाण्यात मळलं की त्याचं चिवट जाळं होतं, म्हणून पोळीचा गोळा ताणला तरी तुटत नाही. ज्वारीत ते जाळंच नाही, म्हणून भाकरीच्या पिठात उकळतं पाणी ओततात, त्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तेवढ्यावर भाकरी थापता येते. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, कडा चिरत जाणार, आणि तसली भाकरी डब्यात दुपारपर्यंत तुकडे होऊन बसणार. म्हणून डबा रोजचा असेल तर पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणावं, बाजरीचं तर त्याहून कमी, त्यातल्या तेलामुळं ते लवकर कडू होतं.

आता मुख्य गोष्ट. भाकरी किंवा ब्रेड शिळा होतो म्हणजे तो वाळतो असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नाही. बूसँगो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1852 मध्येच दाखवलं की हवाबंद ठेवून पाणी अजिबात उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतोच, आणि 60 अंश सेल्सियसच्या आसपास गरम केला की परत मऊ पडतो. होतं असं की भाजताना फुगलेला स्टार्च थंड झाल्यावर परत घट्ट रचला जातो. ही रचना सगळ्यात जोरात होते ती फ्रीजच्या चार-पाच अंशात. म्हणजे मऊ भाकरी फ्रीजमध्ये ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग, तरी निम्मी घरं तेच करतात आणि मग भाकरीला नावं ठेवतात! उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये मात्र हे काम जवळजवळ थांबतं. ग्लुटेन नसलेल्या ब्रेडमध्ये स्टार्चच जास्त आणि तो धरून ठेवायला जाळं नाही, म्हणून तो गव्हाच्या ब्रेडपेक्षा लवकर कोरडा, भुसभुशीत लागतो.

थोडक्यात टिकवायचं तर पूर्ण वाळवा नाहीतर पूर्ण गोठवा, मधलं काही नको. सीमाभागातल्या बायकांनी यातला पहिला मार्ग कधीच पक्का केलाय, तो म्हणजे कडक भाकरी, कानडीत खडक रोट्टी. अथणी, गोकाक, रामदुर्ग, सौंदत्ती हा ज्वारीचा कोरडा पट्टा, तिथं ही घरोघरी. नेहमीपेक्षा पातळ थापायची, तव्यावर दोन्ही बाजू भाजून झाल्या की मंद आचेवर कापडाच्या बोळ्यानं दाबत दाबत पापडासारखी होईपर्यंत ठेवायची, मग चुलीच्या उबेला किंवा उन्हात उभी करून उरलासुरला ओलावा काढायचा. त्यानंतर बुट्टीत चळत लावून वर सुती कापड. पाणीच नाही म्हटल्यावर बुरशी कशावर धरणार? नीट वाळलेली कडक भाकरी महिना-दोन महिने सहज राहते. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला जाताना शिदोरीत भाकरीच्या चळती आणि शेंगदाण्याची चटणी असायची ती याचसाठी. संक्रांतीच्या सुमाराला तीळ लावलेली बाजरीची असते, ती जरा जाड, पण डब्यात जास्त बरी टिकते असं माझं मत.

पश्चिमेकडं खानापूरच्या बाजूला गणित बदलतं. तिथं भात आणि नाचणी, आणि जूनपासून पाऊस असा की मीठसुद्धा पाणी सोडतं. अशा हवेत कडक भाकरी दोन दिवसांत सादळते. ती बुट्टीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची, खाण्याआधी तव्यावर टाकली की परत कुरकुरीत. मात्र वास किंवा ठिपका आला असेल तर भाजून काही उपयोग नाही, टाकून द्यावी.

मऊ भाकरी डब्यात द्यायची तर ती गरम असताना झाकण लावू नये. घाम सुटतो, खालची बाजू चिखल होते आणि वरची वातड. जाळीवर किंवा टोपलीत निववून, सुती फडक्यात गुंडाळून मग डबा. लोण्याचा किंवा तुपाचा हात फिरवला तर दुपारी बरी लागते. तांदळाची भाकरी सगळ्यात आधी ताठ होते, तिला उकड नीट काढलेली असावी लागते.

दुकानातला किंवा घरी केलेला ग्लुटेन-फ्री ब्रेड, ज्यात तांदळाचं पीठ, टॅपिओका, इसबगोल वगैरे असतं, तो आणल्या दिवशीच स्लाइस करून मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये टाकावा. सकाळी लागतील तेवढे काढून थेट तव्यावर शेकावेत, निवले की डब्यात. दिवसभर लाइट गेली आणि ब्रेड सुटला तर परत गोठवू नये, त्याच दिवशी संपवावा.

ज्याला सिलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेन खाल्लं की आतड्याला इजा होते, त्याच्यासाठी मात्र नुसतं टिकवून भागत नाही. त्यावर उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन बंद, आणि भारतात ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. गिरणीत गहू दळून झाल्यावर त्याच दगडावर ज्वारी टाकली की हा हिशोब कोलमडतो, त्यामुळं घरची लहान चक्की बरी. थापताना लावायचं पीठ, तवा, पोळपाट, भाकरी गुंडाळायचं फडकं हे सगळं वेगळं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे हिंग, बाजारातल्या बऱ्याच हिंगाच्या डबीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तोच हिंग डब्यातल्या आमटीत नाहीतर चटणीत पडतो.

कडक भाकरी डब्यात मोडतेच, त्याला इलाज नाही. पसरट स्टीलचा डबा घ्यावा, चटणी वेगळ्या डबीत, खायच्या वेळी पाण्याचा हात लावला की पाच मिनिटांत मऊ. तळाचा चुरा पोरं दह्यात कालवून खातात.