सीएनसी राऊटरवरील लाकडी जडावकाम

एका लाकडात खोबण कोरायची, तिच्यात वेगळ्या रंगाच्या लाकडाचा नेमका तसाच तुकडा चिकटवायचा आणि दोहोंचा पृष्ठभाग एका पातळीत आणायचा, या कामाला जडावकाम म्हणतात. खोबण आणि तुकडा हे दोन्ही भाग पटाशी व नक्षीच्या करवतीऐवजी संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या (सीएनसी) छोट्या राऊटरने, म्हणजे फिरत्या धारेने लाकूड कोरणाऱ्या यंत्राने, कापण्याची पद्धत अलीकडच्या काळात घरगुती कार्यशाळांत रुजली आहे. ही यंत्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक कापू शकतात. मात्र गोव्यासारख्या दमट किनारी प्रदेशात सांधा किती काळ बंद राहील हे यंत्राच्या अचूकतेपेक्षा लाकडातील ओलाव्यावर अधिक अवलंबून असते, आणि या कामात पडणाऱ्याने सर्वांत आधी तिकडे लक्ष देणे आवश्यक आहे.

गोव्याला जडावकाम नवे नाही. सतराव्या शतकात पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी तयार झालेल्या आणि आज इंडो-पोर्तुगीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्निचरमध्ये सागवानावर अबनूस किंवा शिसवाचा जडाव आणि मधूनमधून हस्तिदंताचे बारीक काम आढळते. त्यांतील ‘कोंतादोर’ म्हणजे अनेक खणांचे पेटीवजा कपाट विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या पायांना काही वेळा नागकन्येचे किंवा जलपरीचे रूप दिलेले असते, आणि दर्शनी भागावर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची जाळी जडवलेली असते. त्या काळच्या हातांची तयारी जवळून पाहायची तर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात असलेल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जावे. 1994 मध्ये राशोल येथे सुरू झालेले हे संग्रहालय 2002 पासून या मठात आहे आणि तेथे लाकडी व हस्तिदंती कामाचे उत्तम नमुने ठेवलेले आहेत.

आकड्यांच्या आज्ञेने यंत्र चालवण्याची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स यांनी पुढे आणली, आणि 1952 मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ती यंत्रे कारखान्यांपुरती होती. छंद म्हणून काम करणाऱ्यांच्या टेबलापर्यंत हे तंत्र पोहोचले ते प्रामुख्याने 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रबल’ या मुक्त नियंत्रण-प्रणालीमुळे, कारण ती आर्डुइनोसारख्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक सर्किट-बोर्डवर चालते. आज सर्रास मिळणाऱ्या ‘3018’ प्रकारच्या यंत्राचे कामाचे क्षेत्र सुमारे 300 × 180 मिमी असते. पानाचा डबा, देवघराची चौकट किंवा पाटाचा मधला भाग एवढे काम त्यावर सहज होते. मुंबईत 2013 मध्ये सुरू झालेली ‘मेकर्स असायलम’ ही सामायिक कार्यशाळा पुढे गोव्यात आली, त्यामुळे यंत्र विकत न घेताही असे तंत्र हाताळण्याची सोय इथे निर्माण झाली.

जडाव कापण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत सरळ बिट, म्हणजे राऊटरमध्ये फिरणारे कापणारे टोक, वापरून उभ्या भिंतींची खोबण आणि उभ्या कडांचा तुकडा कापतात. ती समजायला सोपी असली तरी तिला दोन मर्यादा आहेत. बिट गोल असल्यामुळे 3.175 मिमी व्यासाच्या बिटने कापलेल्या आतल्या कोपऱ्याला सुमारे 1.6 मिमी त्रिज्येची गोलाई येते, म्हणजे टोकदार पान किंवा अक्षराची अणी जशीच्या तशी उतरत नाही. शिवाय तुकडा आणि खोबण यांत प्रत्येक बाजूला 0.05 ते 0.1 मिमी इतकीच मोकळीक ठेवावी लागते. ती कमी पडली तर तुकडा बसत नाही आणि जास्त झाली तर सांध्याची रेघ दिसते.

दुसरी पद्धत व्ही-बिटची. बारीक नक्षीसाठी हीच पद्धत निवडावी, असे या कामाचे स्वरूप पाहता म्हणता येते. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या या बिटची खोली जशी वाढते तशी कापाची रुंदी वाढते. 60 अंशांच्या बिटने 5 मिमी खोल जाताना मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूला सुमारे 2.9 मिमी लाकूड कापले जाते, म्हणजे पूर्ण खोली गाठायला आकृती किमान 5.8 मिमी रुंद हवी. आकृती जिथे अरुंद होते तिथे संगणक बिटला आपोआप वर उचलतो, आणि कोपऱ्याशी तो अगदी पृष्ठभागापर्यंत येतो; त्यामुळे आतले कोपरे धारदार निघतात. तुकडा मात्र आकृतीची आरशातील प्रतिमा घेऊन दुसऱ्या फळीवर कापायचा असतो, कारण तो उलटा करून खोबणीत दाबला जातो. आरशाची ही पायरी विसरली तर अक्षरे उलटी होतात आणि सारा तुकडा वाया जातो.

या पद्धतीचे मर्म तीन खोल्यांच्या हिशेबात आहे. समजा खोबण 5 मिमी खोल आहे. तुकड्याच्या फळीसाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘सुरुवातीची खोली’ 4 मिमी आणि ‘सपाट खोली’ त्यापुढे 2 मिमी दिली, तर आकृतीची खरी रूपरेषा फळीच्या पृष्ठभागाखाली 4 मिमीवर येते. त्याच्या वरचा भाग निमुळता, म्हणून तुकडा उलटा करताच खोबणीत 4 मिमी उतरतो आणि तिथे त्याच्या उतरत्या कडा खोबणीच्या उतरत्या भिंतींना घट्ट भिडतात. खाली 1 मिमी पोकळी उरते, ती सरसासाठी. वर, मूळ फळी आणि तुकड्याची फळी यांच्यामध्ये 2 मिमी फट राहते, तीतून नंतर करवत फिरते. पाचरीसारख्या या रचनेमुळे उंचीतली छोटी चूक सांभाळून घेतली जाते: यंत्र जिथून खोली मोजते तो शून्यबिंदू 0.2 मिमी चुकला, तर तुकडा तितकाच खाली किंवा वर बसतो, पण कडा भिडलेल्याच राहतात. मात्र खालची पोकळीच कमी ठेवली, तर तुकड्याचा तळ आधी टेकतो आणि वरच्या कडेशी बारीक फट उघडी पडते. फार अरुंद रेषांत हा धोका अधिक असतो, कारण तिथे खोबण पूर्ण खोलीपर्यंत जात नाही, तुकड्याची अणी सरळ तळाला टेकते आणि सरसासाठी जागाच उरत नाही. व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, जुने कारागीर दोन पापुद्रे एकावर एक ठेवून करवत किंचित तिरपी धरत आणि दोन्ही एकदम कापत, ज्यामुळे करवतीने खाल्लेली जागा उतारात भरून निघे. व्ही-बिटची पद्धत त्याच युक्तीची यांत्रिक आवृत्ती आहे.

फळी सपाट असणे या पद्धतीत अपरिहार्य ठरते. 60 अंशांच्या बिटने कापताना फळी एखाद्या जागी अर्धा मिमी उंच असेल, तर तिथे रेषेची रुंदी सुमारे 0.6 मिमीने वाढते, आणि ही तफावत डोळ्यांना लगेच जाणवते. म्हणून आधी यंत्राच्या पाटाचा पृष्ठभाग त्याच यंत्राने सपाट करून घेतात आणि मगच फळी रंधून त्यावर घट्ट बसवतात. बिटवर छापलेला अंशही गृहीत धरू नये. टाकाऊ लाकडावर रेघ कापून तिची रुंदी मोजावी आणि सॉफ्टवेअरमध्ये खरा आकडा द्यावा. टोकाशी 0.1 किंवा 0.2 मिमी सपाटी असलेल्या बिटचाही हिशेब असाच करावा लागतो.

आकृती इंकस्केपसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काढता येते. तिच्या सर्व रेषा बंद असाव्यात आणि एकमेकींवर दुहेरी पडू नयेत. तिथून व्हीकार्व्हसारख्या सशुल्क किंवा एफ-एन्ग्रेव्हसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टूलपाथ, म्हणजे बिटच्या हालचालीचा मार्ग, तयार होतो, तो जी-कोड या यंत्राच्या आज्ञाभाषेत यंत्राला पाठवला जातो. इथे गोव्यातील जुनी वर्तुळजाळी फार उपयोगी पडते. त्रिज्येच्या 1.414 पट अंतरावर चौरस मांडणीत वर्तुळे ठेवली की चार पाकळ्यांची फुले आपोआप उमटतात. 20 मिमी त्रिज्येची वर्तुळे घेतली, तर प्रत्येक पाकळी सुमारे 28 मिमी लांब आणि मधोमध 11.7 मिमी रुंद होते. म्हणजे तिच्या पोटात बिट पूर्ण 5 मिमी उतरतो आणि दोन्ही टोकांकडे सावकाश वर येत अणीवर संपतो. सरळ बिटला ही पाकळी कधीच नीट कापता येत नाही. चार पाकळ्यांची टोके एका बिंदूत मिळतात तिथे अर्ध्या मिमीची जागा सोडणे बरे, नाहीतर मधले लाकूड उपटून निघते. कावी कलेतील आकृत्याही तितक्याच योग्य आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो ओला असताना खरवडायचा आणि आतला पांढरा चुना उघडा करायचा, अशा रीतीने देवळांच्या व घरांच्या भिंती सजवण्याची ही कोकण किनाऱ्याची कला मुळातच दोन रंगांची आणि सपाट आहे, आणि तिची बरीच नक्षी कंपासपट्टीवर आधारलेली आहे. लाकडी जडावासाठी याहून जवळचा नमुना शोधायला नको.

लाकडाची निवड रंगाबरोबर लाकडातील तंतूंच्या रेषांच्या बारकीवरही करावी लागते. पायासाठी सागवान किंवा गोव्याचा राज्यवृक्ष असलेली मट्टी चालते, गडद जडावासाठी शिसव उत्तम. फिकट जडावासाठी शिवण आणि हेदू ही बारीक पोताची लाकडे चांगली. शिवण तर ओलाव्याने फार कमी हलते. काळ्या कुड्याचे लाकूड जवळजवळ हस्तिदंती रंगाचे असते, कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी परंपरेने त्याचीच होतात, आणि जुन्या हस्तिदंती जडावाची जागा ते नैतिक व कायदेशीर दोन्ही अर्थांनी घेऊ शकते. फणसाचा पिवळा रंग उजेडात हळूहळू तपकिरी होतो, म्हणून सागवानात फणस जडवला तर काही वर्षांत दोहोंतला फरक पुसट होतो. माडाचे लाकूड दिसायला आकर्षक असले तरी त्याचे कठीण तंतू मऊ गरात विखुरलेले असल्यामुळे अरुंद कडा तुटतात. शिसवाबाबत एक काळजी घ्यावी: ही जात आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते, तेव्हा मोडक्या पलंगांचे, दारांचे व जुन्या वाशांचे लाकूड वापरणे सर्वांत श्रेयस्कर. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेलेही असते.

ओलाव्याचा प्रश्न आता आकड्यांत पाहता येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्के असताना लाकडातील ओलावा सुमारे 11 टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता 85 टक्के झाली की तो 17 ते 18 टक्क्यांकडे जातो. गोव्यात हिवाळा आणि पावसाळा यांत उघड्या पडवीतल्या लाकडाला जवळपास एवढा फरक सोसावा लागतो. सागवान पूर्ण ओले असताना आणि पूर्ण वाळल्यावर यांत वर्तुळस्पर्शी दिशेने (खोडातील वाढीच्या वलयांच्या कडेने) सुमारे 5.8 टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आकसते. या हिशेबाने ओलावा केवळ 4 टक्क्यांनी बदलला तरी 100 मिमी रुंदीची आडव्या कापाची सागवानी फळी सुमारे 0.8 मिमीने हलते. आपण तुकड्यासाठी जी मोकळीक जपतो तिच्या कितीतरी पट हा आकडा आहे. रेषांच्या लांबीच्या दिशेने मात्र लाकूड नगण्य हलते. म्हणून तुकड्याच्या रेषा पायाच्या रेषांना समांतर ठेवल्या तर दोन्ही लाकडे एकाच दिशेने फुगतात व आकसतात. त्या काटकोनात ठेवल्या, तर मोठ्या जडावाच्या कडा एक-दोन पावसाळ्यांत सुटू शकतात. दोन्ही लाकडे काही आठवडे एकाच खोलीत ठेवावीत आणि ओलावामापकावर दोहोंचे आकडे जवळ आले की कापावीत. जुलैत फुगलेल्या लाकडात बसवलेला तुकडा जानेवारीत आकसून फट दाखवतो. याउलट हिवाळ्यात बसवलेला पावसाळ्यात आणखी आवळला जातो आणि मोठ्या नक्षीत कडा वर उचलल्या जातात. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, हवा मध्यम असताना केलेली जोडणी सर्वांत टिकाऊ ठरते. खारी हवा यंत्रालाही बाधते, लोखंडी स्क्रू व दांड्यांवर गंज चढतो, म्हणून त्यांना नियमित तेल द्यावे लागते. आणि पावसाळ्यात वीज अचानक गेली की साधे यंत्र आपली जागा विसरते, तेव्हा लांब चालणाऱ्या कामासाठी बॅटरीचा आधार असलेला बरा.

सरस म्हणून पांढरा पीव्हीए, म्हणजे फेविकॉलसारखा, पुरेसा असतो. सागवानातील तेल चिकटण्यात अडथळा आणते, म्हणून खोबण आधी थिनरने पुसून घेतात. सरस भिंतींनाही लावावा, नुसता तळाला नव्हे, आणि रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवावे. सागवानातील सिलिकामुळे साध्या पोलादाची धार लवकर बोथट होते, त्यामुळे कार्बाइडचे बिट वापरावेत. शिसवाची धूळ त्वचेला व श्वासनलिकेला त्रास देते, यासाठी मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र आवश्यक आहे.

सरस पक्का झाल्यावर वरची फळी फटीतून करवतीने कापतात किंवा त्याच राऊटरने थर काढत जातात, आणि शेवटचा थर रंधा किंवा पॉलिश पेपरने उतरवतात. खोबणीच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जितके जास्त घासले जाईल तितकी आकृती बारीक होत जाते, तेव्हा नक्षी स्पष्ट होताच थांबावे. गडद लाकडाची भुकटी फिकट लाकडाच्या छिद्रांत शिरून ते मळकट करते. हे टाळण्यासाठी घासण्याच्या शेवटच्या फेऱ्यांपूर्वी पातळ लाखेचा एक हात देऊन छिद्रे बंद करतात आणि भुकटी रेषांच्या दिशेने ब्रशने झाडतात. ओल्या फडक्याने पुसल्यास रंग आणखी पसरतो. अंतिम थर लाखेच्या पॉलिशचा किंवा तेलाचा देतात. लाखेचे पॉलिश फार दमट हवेत लावले तर थरात पाणी अडकून ते पांढुरके पडते, म्हणून ते ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी लावतात आणि फळीच्या पाठीमागेही तितकेच थर देतात, कारण एकाच बाजूने ओलावा शिरल्यास फळी वाकते.