दहाचं वर्तुळ आणि काडतुसाचा वाटा

नेमबाजीचा विषय निघाला की एक समज हमखास कानावर येतो: गोळी जितकी जोरात सुटेल तितकी ती अचूक लागेल. ऑलिंपिकच्या रेंजवर मात्र उलटा कारभार आहे. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत .२२ लाँग रायफल जातीचं काडतूस चालतं, आणि त्यातली स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजापेक्षा हळू ठेवलेली असते. वजन जेमतेम २.६ ग्रॅम. रायफलमधून ती सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते, पिस्तुलाच्या आखूड नळीतून त्याहून कमी वेगाने. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. गोळी हा वेग ओलांडून निघाली, तर हवेच्या विरोधामुळे वाटेतच पुन्हा त्याच्या खाली येते. या उतरणीच्या टप्प्यात तिच्याभोवतीचा दाब झपाट्याने बदलतो, तिला हेलकावे बसतात, आणि कागदावरची भोकं विखुरतात. स्पर्धेच्या काडतुसाकडून मागणी एकच असते: आधीच्या गोळीने जे केलं, नेमकं तेच पुढच्या गोळीने करावं.

कोल्हापुरात हे समजून घ्यायला उत्सुक माणसं भरपूर आहेत, आणि त्याला कारणही तसंच आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं पडून नेम धरायचा प्रकार) जागतिक अजिंक्यपद मिळवलं. राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत दोनदा शूट-ऑफ (बरोबरी फोडायची जादा फेरी) खेळून पुन्हा सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक आणलं. त्या आकड्यातल्या दशांशाकडे बघा. अंतिम फेरीत दहाच्या, म्हणजे टार्गेटच्या मधल्या वर्तुळाचेही दहा भाग पाडून गुण देतात. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, आणि ०.१ गुण म्हणजे केंद्रापासून ०.८ मिलिमीटर.

आता गणित करू. ५० मीटर कापायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला साडेबारा सेंटिमीटर खाली ओढतं. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्या हिशेबाने वर लावलेली असते, म्हणून हे आपल्याला जाणवत नाही. पण एखादी गोळी एक टक्का हळू निघाली, म्हणजे सेकंदाला तीन-सव्वातीन मीटरनेच मागे पडली, तर ती जवळपास अडीच मिलिमीटर आणखी खाली जाते. तीन दशांश गुण गेले. नेमबाजाचा श्वास, डोळा, बोट सगळं बिनचूक असतानाही गेले.

दुसरा हिशेब मला जास्त विलक्षण वाटतो. नळीच्या आतले पेचदार खाचे गोळीला फिरकी देतात; .२२ मध्ये साधारण ४० सेंटिमीटरला एक फेरा. म्हणजे रायफलची गोळी सेकंदाला आठशे फेरे घेत बाहेर पडते. समजा शिसं ओतताना किंवा दाबताना तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका सरकला. नळीत आहे तोवर तो मध्य बळजबरीने गोल फिरत राहतो. नळी सुटली की त्या क्षणी तो ज्या दिशेला चालला होता त्या दिशेचा छोटासा आडवा वेग गोळी सोबत घेऊन जाते. ५० मीटरवर त्याचा परिणाम जवळजवळ आठ मिलिमीटर, २५ मीटरवर चार. शंभराव्या भागाची चूक आठशे पटीने मोठी होऊन कागदावर उमटते! यात गोळी जोरात गेली की हळू, याने काही बदलत नाही, कारण वेग वाढला की फिरकीही त्याच प्रमाणात वाढते.

म्हणूनच गोळीच्या टोकापेक्षा तिचा मागचा भाग, तिचा तळ, जास्त जपावा लागतो. टोकाला बारीक ओरखडा असला तर फारसं बिघडत नाही. तळाची कड एका बाजूने दबलेली असेल, तर नळीतून बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका ढकलतो. नळीच्या तोंडाच्या कडेलाही हेच लागू. साफसफाईच्या सळईने ती कड एका जागी झिजवली, की उत्तमातलं उत्तम काडतूसही विस्कटतं.

पिस्तुलात चित्र थोडं बदलतं. २५ मीटरला गोळीला सुमारे ०.०९ सेकंद लागतात, ती चारेक सेंटिमीटर पडते, आणि एक टक्का वेगाचा फरक मिलिमीटरभरही होत नाही. प्रिसिजन (संथ नेमाच्या) फेरीत दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं आहे, तेव्हा वेगातल्या या फरकाची चिंता करायचं कारण नाही. पण हातातलं पिस्तूल घट्ट बांधलेलं नसतं. गोळी नळीतून सरकायला लागते त्याच क्षणी पिस्तूल मागे ढकललं जातं आणि त्याचं तोंड वर उचलायला लागतं. हळू गोळी नळीत किंचित जास्त वेळ थांबते, तोवर तोंड किंचित जास्त वर गेलेलं असतं. त्यामुळे जवळच्या अंतरावर पिस्तुलाची हळू गोळी अनेकदा वर लागते. सामान्य अपेक्षेच्या बरोबर उलट.

हाताने भरलेल्या काडतुसांची गोष्ट इथेच येते. अमेरिकेत काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या (धातूची कवचं) पुन्हा भरून घ्यायचा छंद जुना आहे. तिथे अनेक हौशी नेमबाज आपल्या पिस्तुलाला मानवेल असं काडतूस स्वतः जुळवतात. .२२ च्या बाबतीत ते जमत नाही. या काडतुसात पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत, गोल फिरवून, ओलं असतानाच पसरवलेलं असतं. फायरिंग पिन ती कडच चेचते, आणि एकदा चेचलेली पुंगळी कायमची बाद. सेंटरफायर काडतुसात प्राइमर, म्हणजे पेट घेणारा भाग, बुडाच्या मधोमध वेगळा बसवलेला असतो. तो काढून नवा घालता येतो, पुंगळी मूळ मापावर दाबून आणता येते, मग बंदुकीची दारू आणि गोळी. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची काडतुसं चालतात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणा यांनी ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात.

हँडलोडिंग करणारे, म्हणजे काडतुसं हाताने भरणारे, ज्या गोष्टींमागे लागतात, त्यांत पुन्हा हाच धडा दिसतो. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ चं, काळ्या दारूसाठी आखलेलं. काळी दारू पुंगळी भरून लागायची. आजची धूरविरहित दारू त्याच कामाला खूप थोडी लागते, आणि पुंगळीत मोकळी जागा राहते. पिस्तूल वरून खाली आणलं की दारू पुढे सरकते, खालून वर उचललं की मागे प्राइमरजवळ जमते, आणि प्रत्येक वेळी ती थोड्या वेगळ्या गतीने पेटते. वजन काट्यावर तंतोतंत मोजलेलं असूनही वेग बदलतो. यावर एक जुना, छान उपाय म्हणजे वॉडकटर गोळी. सपाट तोंडाची ही गोळी पुंगळीत पार आत, काठापर्यंत बसवतात. मोकळी जागा कमी होते, शिवाय कागदात कडा स्वच्छ कापलेलं गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद राहत नाही.

हे सगळं वाचून घरी प्रयोग करावासा वाटला तर थांबा. भारतात काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. आणि चूक कागदावर नाही, हातात फुटते: मोठ्या पुंगळीत छोटं माप असल्यामुळे दारू चुकून दुप्पट पडली तरी वरून ओळखू येत नाही, आणि दाब वाढतो तो सरळ प्रमाणात वाढत नाही, उसळतो. शिशाकडेही गंभीरपणे पाहायला हवं. गोळीत शिसं असतं, बहुतेक प्राइमरमध्ये शिशाचं संयुग असतं, आणि प्रत्येक बारासोबत त्याची बारीक धूळ उडते. बंदिस्त रेंजवर हवा खेळती हवी. सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. लहान मुलं सराव करतात तिथे हा नियम पालकांनीच पाळून घ्यावा, कारण वाढत्या मेंदूला शिशाचा त्रास सर्वांत जास्त होतो.

मग कोल्हापूरच्या पिस्तूल नेमबाजाच्या हातात काय उरतं? निवड. कारखान्यात एका सलग उत्पादनाला एक लॉट क्रमांक मिळतो. दारूचा तोच साठा, शिशाची तीच तार, तीच यंत्रं. पुढच्या लॉटमध्ये यातलं काहीतरी किंचित बदलतं. गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला हे लगेच कळेल: फड तोच, गुळव्या तोच, तरी दर आधणाचा गूळ थोडा निराळा उतरतो. त्यात प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकीला भावलेला लॉट दुसरीत साधारण ठरतो. म्हणून एली, लापुआ यांसारख्या कंपन्या नेमबाजांना आपली नळी शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट तपासायची सोय देतात, आणि आवडला तो लॉट लोक पेट्यांनी विकत घेतात.

पण आधी विचारायला हवं: माझ्या गुणांत काडतुसाचा वाटा किती? पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण २२ सेंटिमीटर. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर सरकली, की २५ मीटरवर गोळी अकरा सेंटिमीटर दूर जाते. हाताचा फैलाव (गोळ्या किती विखुरतात ते) आणि काडतुसाचा फैलाव एकमेकांत सरळ मिळवायचे नसतात, वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. समजा हाताचा ३० मिलिमीटर आणि काडतुसाचा १०. एकूण ३१.६ होतो, ४० नाही. महागडं काडतूस आणून १० चे ५ केले, तर ३०.४. सव्वा मिलिमीटरचा फायदा. हाताचा फैलाव मात्र ३० वरून २५ वर आला, तर जुन्याच काडतुसात एकूण २७ च्या खाली येतो. नवशिक्याने लॉट तपासण्यात पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा हात काडतुसाच्या जवळ पोचलाय, किंवा जो ५० मीटर रायफल खेळतो, त्याने जरूर घालावेत.

आणि तपासायचं तर नीट. पाच गोळ्या झाडायच्या, सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं, आणि लहान आकडा आला की खूश व्हायचं, ही पद्धत सगळीकडे चालते आणि सगळीकडे फसवते. ज्या काडतुसाचा पाच गोळ्यांचा ग्रुप (म्हणजे तेच दूरच्या भोकांमधलं अंतर) सरासरी ३० मिलिमीटर येतो, त्याचाच एखादा ग्रुप २२ आणि एखादा ३८ सहज येतो, काहीही बदललेलं नसताना. गोळ्यांची संख्या बदलली तर तुलनाच मोडते. त्याच काडतुसाचा तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी साडेतेवीसच्या आसपास, दहा गोळ्यांचा ३७ च्या आसपास, कारण जितक्या जास्त गोळ्या तितकी एखादी भरकटायची संधी जास्त. शिवाय या पद्धतीत दोनच भोकं बोलतात, बाकीची वाया. त्यापेक्षा सगळ्या भोकांचा मध्यबिंदू काढावा आणि प्रत्येक भोक त्यापासून किती दूर आहे याची सरासरी घ्यावी. इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीचे निर्देशांक नोंदवतं, तेव्हा हे काम मिनिटाचं आहे. वीस गोळ्यांवरून काढलेली ही सरासरी सुमारे बारा टक्के इकडेतिकडे असू शकते. ती अनिश्चितता निम्मी करायची तर ऐंशी गोळ्या लागतात.

नळीलाही वेळ द्यावा लागतो. .२२ च्या गोळीवर मेणासारखा थर असतो. लॉट बदलला की आधीचा थर निघून नवा बसेपर्यंतच्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत. तापमानही लिहून ठेवावं. जानेवारीतली सकाळ आणि मेमधली दुपार यांत वीसेक अंशांचा फरक पडतो. दारू तापली की जलद जळते, मेण मऊ होतं.

दहा लॉट आणले आणि प्रत्येकाचा एकच पाच गोळ्यांचा ग्रुप घेतला, तर दहाही लॉट अगदी सारखे असले तरी त्यांतला एक २० मिलिमीटरच्या आसपास निघेल आणि सर्वोत्तम भासेल. तोच पुढच्या आठवड्यात झाडला की पुन्हा तीसवर येतो, आणि लोक हवेला, पिस्तुलाला नाहीतर स्वतःच्या हाताला दोष देतात. म्हणून पहिल्या फेरीतले दोन-तीन चांगले लॉट बाजूला काढावेत, दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून प्रत्येकी निदान वीस गोळ्यांनी पुन्हा तपासावेत, आणि पेटी मागवताना फक्त या दुसऱ्या फेरीचे आकडे धरावेत.