गाडीवरचं नाव, पासबुकातला पैसा

भोकरदन-सिल्लोडकडे शंकरपट भरला की मैदानाच्या तोंडाशीच भलामोठा फ्लेक्स लागतो. पहिलं बक्षीस अमक्यातर्फे, दुसरं तमक्यातर्फे, आणि प्रत्येक नावाशेजारी गॉगल घातलेला फोटो. जोडी जिंकते, हलगी वाजते, पुठ्ठ्याचा चेक हातात धरून फोटो निघतो. खरी रक्कम कधी मिळाली, हे त्या बैलमालकाला पुढच्या पटाला विचारावं. फ्लेक्सवरच्या माणसाचं काम मात्र त्याच दिवशी झालेलं असतं.

मोटार रेसिंगमध्ये हाच खेळ पन्नासेक वर्षं चालू आहे, फक्त कोटींच्या भाषेत.

फॉर्म्युला वनच्या गाड्या पूर्वी देशाच्या रंगात धावायच्या. इंग्लंडची हिरवी, इटलीची लाल. १९६८ मध्ये रेसिंगबाहेरच्या जाहिरातदारांना मोकळीक मिळाली आणि कॉलिन चॅपमनच्या लोटस टीमने गाडीला गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे रंग दिले. तेव्हापासून गाडीचा पत्रा म्हणजे भाड्याची भिंत झाली. भिंत भाड्याने देणारा एकच गोष्ट बघतो: भाडं वेळेवर येतंय ना. याच लोटसला पुढे डेव्हिड थीम हा तेलाचा व्यापारी भेटला. त्याच्या एसेक्स पेट्रोलियमचं नाव गाड्यांवर झळकलं, पार्ट्या झाल्या, आणि १९८१ मध्ये एका स्विस बँकेच्या तक्रारीवरून झुरिकमध्ये थीमला अटक झाली.

प्रायोजकांच्या या फसवणुकीच्या दोन जाती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिल्या जातीत प्रायोजकच नसतो, किंवा असला तरी पैसा नसतो. गंडतो तो टीमवाला. एल. डब्ल्यू. राइटचा किस्सा यातला सगळ्यात रंगतदार. १९८२ मध्ये अमेरिकेत नॅसकार या मोटार शर्यतींच्या मालिकेतल्या टॅलाडेगा शर्यतीसाठी या नावाचा एक माणूस उगवला. आपण ४३ शर्यती धावलोय, मर्ल हॅगार्ड आणि टी. जी. शेपर्ड हे कंट्री गायक आपल्या पाठीशी आहेत, असं त्याने छातीठोक सांगितलं. त्या जोरावर एका मार्केटिंग कंपनीकडून ३०,००० डॉलर उचलले. स्टर्लिंग मार्लिन या ड्रायव्हरकडून गाडी घेतली, थोडी रोखीने, थोडी चेकने. शर्यतीत १३ फेऱ्या झाल्या आणि स्वारी बाहेर. मग एकेक चेक परत येऊ लागला. मार्लिनचा, टायरवाल्यांचा, नॅसकारचासुद्धा. गायकांना या माणसाचा पत्ताच नव्हता. तो जो गायब झाला, तो थेट २०२२ मध्ये एका पॉडकास्टवाल्याला सापडला. यात बुडालेली रक्कम तशी किरकोळ, म्हणून आज हसू तरी येतं.

याच जातीतला अलीकडचा नमुना म्हणजे रिच एनर्जी हे एनर्जी ड्रिंक. २०१९ मध्ये फॉर्म्युला वनच्या हास टीमच्या गाड्या या पेयासाठी काळ्या-सोनेरी झाल्या. ते पेय दुकानात मात्र कुणाला दिसेना. लोगो चोरल्याच्या खटल्यात कंपनी लंडनच्या कोर्टात हरली आणि हंगाम संपायच्या आत करार मोडला. २०१३ मध्ये त्या काळच्या लोटस टीमचंही असंच झालं होतं. मन्सूर इजाझ यांच्या गटाने ३५ टक्के हिस्सा घेतल्याची घोषणा केली, टीम महिनोन्‌महिने वाट बघत बसली, पैसा आलाच नाही. ड्रायव्हर किमी रायकोनेनचा पगार थकला आणि तो वर्ष संपण्याआधीच थांबला. पैसा नसला की आधी माणसांचा पगार थकतो, हे आपल्याकडच्या साखर कारखान्यावर काम केलेल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी जात जास्त वाईट, कारण तिथे प्रायोजकाचा चेक वटतो. टीम खूश, ड्रायव्हर खूश. पैसा लुबाडलेला असतो तो भलत्याच कुणाचा.

बेल्जियमच्या जाँ-पिएर व्हॅन रोसेमने शेअर बाजाराचं भविष्य सांगणारं 'मनीट्रॉन' नावाचं यंत्र आपल्याकडे असल्याचा गाजावाजा केला होता. १९८९ मध्ये फॉर्म्युला वनच्या ऑनिक्स टीमच्या गाड्यांवर हे नाव होतं आणि पोर्तुगालच्या शर्यतीत स्टेफान योहान्सनने त्यांना तिसरा क्रमांकही मिळवून दिला. वर्षभरात टीम बंद पडली. व्हॅन रोसेमला पुढे फसवणुकीबद्दल शिक्षा झाली.

डीसी सोलरचं प्रकरण याच्या कितीतरी पट मोठं. कॅलिफोर्नियातली ही कंपनी ट्रेलरवर बसवलेले सोलर जनरेटर विकायची. सौरऊर्जेत पैसा घातला की अमेरिकेत करात ३० टक्के सूट मिळायची, त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या. वॉरन बफेट यांची बर्कशायर हॅथवेसुद्धा फसली. कागदावर सुमारे १७,००० जनरेटर होते, पण निम्मे कधी बनलेच नव्हते. भाड्याचं उत्पन्न म्हणून जुन्या गुंतवणूकदारांना जे मिळत होतं, ते नव्यांच्या खिशातलं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि हे सगळं चालू असताना नॅसकारमध्ये चिप गनासी टीमच्या गाड्यांवर डीसी सोलरचं नाव दिमाखात फिरत होतं. डिसेंबर २०१८ मध्ये एफबीआयचे छापे पडले. पुढच्याच महिन्यात गनासीला आपली दुसऱ्या श्रेणीतली टीम गुंडाळावी लागली. सुमारे १०० कोटी डॉलरच्या या घोटाळ्यात मालक जेफ कार्पॉफला २०२१ मध्ये ३० वर्षांची कैद झाली.

टीमवाले चौकशी का करत नाहीत? कारण चौकशी केली तर भिंत रिकामी राहते. युरोपात २००५ च्या उन्हाळ्यात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली आणि चार दशकांचा हुकमी पैसा आटला. त्या जागी बँका आल्या, एनर्जी ड्रिंक आली, मग क्रिप्टो आली. मर्सिडीजच्या टीमने २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी करार केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा ब्राझीलच्या शर्यतीआधी घाईघाईने स्टिकर सोलून काढावे लागले.

आपल्या देशाचा धागा बराच जुना आहे. किंगफिशरचं नाव परदेशी फॉर्म्युला वन गाडीवर झळकवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय दोन लाख डॉलर दिल्याचा ठपका ईडीने विजय मल्ल्यांवर ठेवला. तो व्यवहार १९९६ ते १९९८ च्या हंगामांचा, म्हणजे कर्जबुडवेगिरीच्या कितीतरी आधीचा. पुढे २००७ मध्ये त्यांनी टीमच विकत घेतली आणि नाव ठेवलं फोर्स इंडिया.

या टीममध्ये १२ ऑक्टोबर २०११ रोजी सहारा समूहाने १० कोटी डॉलरला ४२.५ टक्के हिस्सा घेतला. करार खरा, पैसाही खरा. पण तारखा बघा. सहाराच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून गोळा केलेला पैसा परत करावा, असा सेबीचा आदेश जूनमध्येच निघाला होता. १८ ऑक्टोबरला अपिलातही तो कायम राहिला. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि 'सहारा फोर्स इंडिया' टाळ्यांच्या गजरात धावली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये व्याजासह परतफेडीचा हुकूम दिला, २०१४ मध्ये सुब्रतो रॉय तिहारला गेले. टीम आणखी चार वर्षं धावत राहिली.

परभणी-हिंगोलीच्या बाजारपेठेत ज्यांनी सहाराच्या एजंटाकडे रोजचे दहा-वीस रुपये भरले, त्यातल्या कितींनी ती शर्यत टीव्हीवर पाहिली असेल? त्यांच्यासाठी 'सहारा' म्हणजे टीम इंडियाच्या जर्सीवरचं नाव, आणि तेवढी ओळख पासबुक उघडायला पुरेशी होती. आदर्श आणि ज्ञानराधा या पतसंस्थांच्या ठेवीदारांचे मोर्चे अलीकडे निघाले, तेव्हा त्या गर्दीत सहाराचं जुनं पासबुक घरात जपून ठेवलेलेही असतीलच.

सहाराच्या चार सहकारी सोसायट्यांतल्या ठेवींसाठी जुलै २०२३ मध्ये केंद्राने पोर्टल सुरू केलं. सुरुवातीला एका ठेवीदाराला जास्तीत जास्त १०,००० रुपये, नंतर ही मर्यादा ५०,००० वर गेली. आधार मोबाईलला जोडलेलं हवं, पासबुक स्कॅन करून चढवायला हवं. फोर्स इंडिया २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत विकली गेली. ती आता अ‍ॅस्टन मार्टिन या नावाने धावते, आणि गाडीवर नव्या प्रायोजकांची नावं आहेत.