लीज फेरी येथील मासेमारी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅन्यन धरण आहे. धरणाच्या पायथ्यापासून लीज फेरी या होडीने नदी ओलांडण्याच्या जुन्या ठिकाणापर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा प्रवाह ट्राउट माशांच्या गळमासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. हा सारा मुलूख वाळवंटी असून उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तरीही तांबड्या वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमधून वाहणारे पाणी अनेक वर्षे बारमाही थंडगार व नितळ राहिले. ही स्थिती निसर्गाने नव्हे, तर धरणाने निर्माण केली.

धरणापूर्वीची कोलोरॅडो गाळाने तांबूस झालेली, वसंतात पुराने फुगणारी आणि ऋतूप्रमाणे तापणारी व गोठणबिंदूजवळ येणारी नदी होती. मोठ्या कुबडाचा हम्पबॅक चब, रेझरबॅक सकर आणि कोलोरॅडो पाइकमिनो हे येथील मूळ मासे अशा गढूळ, लहरी पाण्यालाच सरावलेले होते. १९६३ साली २१६ मीटर उंचीच्या या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पॉवेल जलाशय भरू लागला. गाळ जलाशयात बसू लागला, आणि वीजनिर्मितीसाठी पाणी खोलवरून घेतले जात असल्याने खाली सुटणारे पाणी साधारणतः ८ ते १० अंशांचे राहिले. मूळ माशांच्या विणीला ते फार थंड ठरले, तर ट्राउटला मानवले. १९६४ पासून येथे इंद्रधनुषी ट्राउट सोडण्यात आला. त्याला खाद्य मिळावे म्हणून गॅमारस हा कोळंबीसारखा इवलासा कवचधारी जीवही बाहेरून आणला गेला.

येथील मासेमारी मुख्यतः कृत्रिम माशीची, म्हणजे गळावर दोरा व पिसे गुंडाळून केलेल्या नकली किड्याची असते. नियमानुसार नैसर्गिक आमिष चालत नाही आणि गळाला उलटा काटा नसावा लागतो, त्यामुळे सोडून द्यायच्या माशाला इजा कमी होते. पाण्यात कीटकांच्या जाती थोड्या आहेत. ट्राउट प्रामुख्याने मिज या डासासारख्या माशीच्या अळ्यांवर आणि गॅमारसवर पोसतात. म्हणून नकली माशीही तांदळाच्या दाण्याहून लहान असते: बारीक गळावर काळा किंवा लाल दोरा, त्यावर तारेचे दोन-चार वेढे, आणि वर तरंगणारी एक खूण, जी क्षणभर अडखळली की मासा लागला असे समजायचे. पात्र जिथे पसरट व उथळ होते तिथे पाण्यात उभे राहून मासेमारी करता येते. वरच्या भागासाठी मात्र लीज फेरीहूनच होडीने प्रवाहाविरुद्ध जावे लागते.

कीटकांच्या या टंचाईचे एक कारण वीजनिर्मितीत आहे. विजेच्या मागणीप्रमाणे विसर्ग कमी-जास्त होतो, काठालगत घातलेली अंडी पाणी उतरताच उघडी पडतात आणि वाळतात. म्हणून २०१८ पासून काही वर्षे उन्हाळ्यात शनिवार-रविवारी विसर्ग कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग झाला. मूळ दोष विसर्गाच्या वेळापत्रकात असल्याने उपायही तिथेच शोधला गेला, हे या प्रयोगाचे महत्त्व.

खरे संकट जलाशय आटल्याने आले. पूर्ण भरलेल्या पॉवेल जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट, आणि जनित्रांकडे जाणाऱ्या नळांची तोंडे ३,४७० फुटांवर. म्हणजे पाणी २३० फूट खोलीवरून घेतले जाई. दीर्घ दुष्काळामुळे २०२२ साली पातळी सुमारे ३,५२५ फुटांपर्यंत उतरली, तेव्हा वरचा कोमट थर त्या तोंडांजवळ आला. त्या थरात स्मॉलमाउथ बास राहतो. हा मासा १९८२ मध्ये हौशी मासेमारीसाठी जलाशयात सोडण्यात आला होता. कोमट पाण्याबरोबर बास नळांतून खाली उतरले, आणि त्याच उन्हाळ्यात धरणाखालच्या एका संथ खाडीत त्यांची पिल्ले सापडली. म्हणजे त्यांची वीण तिथे सुरू झाली होती. राष्ट्रीय उद्यान सेवेने ती खाडी अडवून रोटेनोन हे मत्स्यविष वापरले.

बास हा खादाड शिकारी मासा आहे. नदीच्या वरच्या खोऱ्यात, विशेषतः याम्पा नदीत, त्याने मूळ माशांची पिल्ले फस्त केल्याचा अनुभव ताजा होता. लीज फेरीच्या खाली सुमारे ९८ किलोमीटरवर लिटल कोलोरॅडो नदी मिळते, आणि हम्पबॅक चबची सर्वांत मोठी वस्ती त्याच परिसरात आहे. २०२१ साली चबला ‘संकटग्रस्त’ या वर्गातून काढून कमी धोक्याच्या वर्गात ठेवण्यात आले होते. दुसऱ्याच वर्षी बासची पिल्ले दिसली.

बासच्या विणीला साधारण १६ अंशांचे पाणी लागते. म्हणून जुलै २०२४ पासून काही महिने, ३,३७४ फुटांवरच्या खालच्या नळांतून थंड पाणी मिसळून लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंतचे तापमान १५.५ अंशांखाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. मात्र हे नळ जनित्रांना वळसा घालून जातात. त्यांतून सुटणाऱ्या पाण्यावर वीज होत नाही आणि ती तूट दुसरीकडून विकत घेऊन भरावी लागते. या खर्चामुळे वीज घेणाऱ्या संस्थांचा या उपायाला विरोध आहे, तर ट्राउटचे शौकीन आणि चबचे रक्षक, ज्यांचे एरवी पटत नाही, ते या एका बाबतीत थंड पाण्याच्याच बाजूचे आहेत.